उजव्या हातानं फेकलेला दहीभात

कापूस वेचणाऱ्या बाईच्या छातीवर वळ असतोच. जुन्या लुगड्याची झोळी खांद्यावरून आडवी घ्यायची आणि ती भरत गेली की पट्टा रुतत जातो. म्हणून उजव्या बाजूला, काखेच्या जरा खाली मला हरभऱ्याएवढं कडक लागलं, तेव्हा जाऊ हसली. "पट्ट्याचं हाय ते. मलेबी झालतं." सासूबाईंनी, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो, कोमट तेल लावून दिलं. सीमेपल्याडच्या बोथजवळच्या आमच्या गावात कोणालाही विचारलं असतं तरी हेच ऐकायला मिळालं असतं.

मी जात्याच फटकळ, त्यात संशयी. संक्रांत झाली, वेचणी सरली, झोळी खुंटीला लागली. होळीपर्यंत वळ पार गेला, पण गाठ काही गेली नाही, उलट बोराएवढी झाली. म्हटलं, अगं बाई, पट्टा तर खुंटीवर लटकून आहे, मग माझ्या अंगात हे काय वाढून राह्यलं? नवऱ्याला सांगितलं, उद्या दवाखाना. तो म्हणाला, "बाजार होऊ दे, मंग जाऊ." मी म्हटलं, "बाजार तुमी करा, मी चालली." सकाळी मुकाट्यानं माझ्या आधी बसमध्ये चढून बसला होता.

जिल्ह्याच्या दवाखान्यात सुईनं तुकडा काढला आणि मला पुढं हैदराबादला पाठवलं. कॅन्सर निघाला. तो शब्द कानावर पडला आणि डोळ्यापुढं माझी मावशी उभी राहिली. माझ्या लहानपणी तिची अख्खी छाती काढली होती, काखेतलंही सगळं काढून घेतलं होतं. मावशी जगली, पण तिचा हात उशीसारखा सुजला तो सुजलाच. भाकर थापणं सुटलं, वेचणी सुटली. पदराखाली हात झाकून ती ओसरीवर बसून राहायची. मला मरणाची भीती वाटली, खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त भीती वाटली ती उजव्या हाताची. वावरात मी राबते, चुलीपुढं मी राबते, आणि हात हलवल्याशिवाय मला धड भांडतासुद्धा येत नाही.

हैदराबादच्या डॉक्टरीणबाई तेलुगू, माझ्याशी हिंदीत बोलायच्या. मी आधी तेवढंच विचारलं, "मेरा हाथ रहेगा क्या?" त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि सावकाश समजावलं. तुकडा तपासून गाठीची जात कळते, आणि तुझ्या जातीच्या गाठीवर नेमकं लागू पडणारं औषध आता आहे. आधी औषधानं ती लहान करू, मग तेवढीच काढू, छाती राहील. काखेतल्या सगळ्या ग्रंथी काढायच्या नाहीत. निळा रंग टोचायचा, तो ज्या ग्रंथींत आधी पोचेल तेवढ्याच काढून बघायच्या. त्या साफ निघाल्या तर बाकीच्यांना हात लावायचा नाही. मावशीच्या वेळी हे काहीच नव्हतं, असं त्या म्हणाल्या, आणि मी तिथंच ओक्साबोक्शी रडले. स्वतःसाठी नाही, मावशीसाठी रडले.

पुढचे महिने सोपे नव्हते. केस गेले, तोंडाची चव गेली, पाण्याचाही वास यायचा. शेजारीण येऊन म्हणाली, "काय रूप झालं वं तुहं!" मी म्हटलं, "माहे केस तरी परत येतीन, तुह्या जिभेचं काय करू?" पण औषध लागू पडलं. बोराचा पुन्हा हरभरा झाला, मग तर हाताला लागेचना. पोळ्याच्या सुमारास ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्याबरोबर मी उजव्या हाताची बोटं हलवली. हलली! काखेचा रिपोर्ट साफ आला तेव्हा नवरा वॉर्डाच्या दारात उभा राहून लहान पोरासारखा हसत होता.

घरी आल्यावर भिंतीवरून बोटं वर वर चढवायचा व्यायाम होता. काख अशी ओढायची की जीव नकोसा व्हायचा. आत्याबाई शेजारी उभ्या राहत आणि बोटं पोचतील तिथं भिंतीला कुंकू लावत. "उद्या याच्यावर." मी चिडून काहीबाही बोलायची. त्या म्हणायच्या, "बोल तुले बोलायचं ते, पण हात वर कर." एकदा कुंकू लावता लावता हळूच म्हणाल्या, "तेल मीच लावलं होतं वं." मी त्यांचा कुंकवाचा हात धरला आणि आणखी वर लावायला लावलं.

मशीनचे, किरणांचे शेकही दिवाळीआधी संपले. मग पहिली वेचणी आली. त्या दिवशी आमच्याकडे सीतादही करतात. पऱ्हाटीला, म्हणजे कापसाच्या झाडाला, हळदकुंकू लावायचं आणि घरच्या बाईनं दहीभाताचा मुटका डोक्यावरून वावरात भिरकवायचा. मुटका जितका लांब जाईल तितकं पीक, असं आमच्या घरी मानतात. जाऊ हळूच म्हणाली, "यंदा आत्याबाईले फेकू द्या." आत्याबाई कडाडल्या, "काऊन? तिले हात नाई काय?"

मी पदर खोचला, मुटका घेतला आणि सगळा जोर लावून हात फिरवला. गेला की हो! कापसाच्या ओळींवरून सरळ पलीकडच्या धुऱ्यावर, बांधावरच्या निंबाच्या बुडाशी जाऊन पडला. "बाप्पा!" करून बाया ओरडल्या. मी तर नाचलेच. नाचू नको तर काय करू?

आरडाओरडा थांबला तेव्हा आत्याबाईंनी खांद्यावरची झोळी उतरवून ठेवली. निंबाआड जाऊन त्यांनी मला हाक मारली, "ये वं. पट्ट्याचं का कशाचं, ते तूच पाह्य. पयले माही छाती, मंग या सगळ्याईची." मी गेले. त्यांच्या मागं जाऊ उभी होती, झोळी हातात घेऊन, आणि या वेळी ती हसत नव्हती.