वहिनीची गाडी तेवढी राहिली

गॅरेजमध्ये किस्से रोजचेच. पण पूर्वी ते साठायचे नाहीत. दिवसभर जे घडेल ते संध्याकाळी दादाला सांगायचं, तो पोट धरून हसला की विषय संपला! जूनमध्ये दादा गेला. तेव्हापासून माझ्याकडे ढीग लागलाय. म्हणून आता तुम्ही ऐका.

मी इंग्लंडात, कॉव्हेंट्रीत, बलबीर पाजींच्या गॅरेजात मेकॅनिक आहे. शाळा मला जमली नाही, पाना जमला. नोव्हेंबरचे शनिवार आमच्याकडे मराठी मंडळींचे. टायर, बॅटरी, इंजिनाचं पाणी गोठू न देणारं अँटीफ्रीझ, वायपर, दिवे, सगळं हिवाळ्याआधी बघून द्यायचं. ही टूम दादाची. काम मी करायचो, गप्पा तो मारायचा.

यंदा सगळ्यांच्या गाड्या झाल्या, एक सोडून. दादाची. ती आता वहिनी चालवते, रोज सकाळी साडेसहाला, हॉस्पिटलच्या ड्यूटीला. गावाबाहेरचा तो रस्ता गोठतो आणि रस्त्यावर मीठ टाकणारी कौन्सिलची गाडी तिकडे फिरकत नाही. दर शनिवारी तिचा फोन येतो, "राजू, आणू का रे?"

दर शनिवारी मी म्हणतो, "आज फार गर्दी आहे गं."

* * *

सुमित पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला. दारांची रबरं गोठू नयेत म्हणून त्यांना काहीतरी तेलकट लावावं, असं त्याने कुठेतरी वाचलं. घरात काय होतं? खोबरेल! चारही दारांना चोपडलं. सकाळी तेल पांढरंफटक गोठलेलं आणि एकही दार उघडेना. पठ्ठ्या सुटाबुटात डिकीतून आत शिरला आणि तसाच माझ्याकडे आला!

मी म्हटलं, "अरे, थंडीत खोबरेलाची बाटली उन्हात ठेवायची असते, हे विसरलास?"

"नाही रे. पण तेव्हा डोक्यावर केस होते. आता बाटलीच घेत नाही, ही बायकोची होती!"

* * *

जोशी काकूंची तक्रार, "काच आतून धुरकटते. पुढचं दिसतच नाही बघ." थंडीत हे वाईट. मी वायपरखालची जाळी उघडली. पाणी जायची वाट बंद. आत झेंडूच्या पाकळ्या, अक्षता, हळदीकुंकवाचा चिखल. गेल्या कित्येक दसऱ्यांच्या पूजा तिथे मुक्कामाला होत्या!

मी मूठभर काढून बिनमध्ये टाकणार, तोच काकू ओरडल्या, "अरे, निर्माल्य आहे ते! पिशवीत दे. गुलाबाला घालते."

पाजी लांबून बघत होते. म्हणाले, "काकीजी, इंजिन छोड़ के जाना!"

* * *

शिंदे माझ्या वयाचा, नगरचा. टायर पार गुळगुळीत. म्हणतो, "एवढा हिवाळा काढतील रे." माझं डोकं सटकलं. त्याची किल्ली काढून घेतली आणि खिशात टाकली. पाजी ओरडले, शिंदे ओरडला. मी दिली नाही. शेवटी मीच त्याला माझ्या व्हॅनमधून घरी सोडायला निघालो.

अर्ध्या वाटेत त्याने हळूच विचारलं, "तुझा दादा... गाडीतच गेला का रे?"

"नाही. घरी. सोफ्यावर. चहा पिताना."

"मग माझ्या टायरवर का राग?"

मी म्हटलं, "सोफ्याचं काय तपासणार? टायर तरी तपासता येतात!"

सोमवारी तो बसने आला आणि म्हणाला, "बदल चारही."

* * *

ब्रेकचे दिवे बघायला दोन माणसं लागतात. एकाने आत पेडल दाबायचं, दुसऱ्याने मागे उभं राहून बघायचं. दादा दाबायचा. मी "सोड" म्हटलं की सोडायचा. पाजींना गुडघ्यामुळे आतबाहेर करवत नाही. म्हणून यंदा मी पेडल आणि सीट यांच्यामध्ये झाडू अडकवतो आणि मागे जाऊन बघतो.

परवा मागे उभा होतो. दोन्ही दिवे लागलेले. सवयीने तोंडातून निघालं, "हं, सोड."

दिवे विझले.

झाडू सटकला होता. मला माहीत आहे. तरी मी बराच वेळ मागेच उभा होतो. त्या दिवशी डबा तसाच परत नेला. तो किस्सा सांगायला घरी कोणी नव्हतं.

* * *

काल सकाळी वहिनीचा फोन. "आज गाडी जरा घसरली रे. काही झालं नाही. कठड्याच्या अलीकडे थांबली."

मी ओरडलोच, "आत्ताच्या आत्ता घेऊन ये!"

आली. गाडी रॅम्पवर चढवून ती बाजूला उभी राहिली. मी मान खाली घालून कामाला लागलो. पुढचे दोन्ही टायर बदलले, अँटीफ्रीझ भरलं, बॅटरी बघितली. सगळं झाल्यावर गाडी खाली घ्यायला ड्रायव्हरचं दार उघडलं. सीटवर पाठीशी दोन उशा. सीट पार मागे, शेवटच्या खाचेत. दादा सहा फुटांचा. वहिनी जेमतेम पाच!

"ब्रेकवर पाय पोचतो का तुझा?"

"टोकाला बसलं की पोचतो."

"पाच महिने टोकाला बसून चालवतेस? वहिनी, सीट पुढे घ्यावी लागेल."

"दुसरं काहीच करता येणार नाही?"

"नाही गं."

टायरवर खुणा करायचा पिवळा खडू माझ्या खिशात होता, तो तिने काढून घेतला. वाकली. सीटखालच्या पट्टीवर, सीट होती तिथे, एक रेघ ओढली. पुसट वाटली म्हणून पुन्हा गिरवली. मग उशा मागे टाकल्या आणि आत बसली.

"हं, ओढ."

मी खालचा दांडा उचलून सीट पुढे घेतली. कट, कट, कट, कट. तिने ब्रेक दाबला. पाय पूर्ण टेकला. स्टिअरिंग धरून तिने समोर बघितलं.

"अगंबाई! राजू, या गाडीला पुढे बॉनेट आहे की रे!"