प्रसादातली गोळी

ह्यांनी प्रसाद थुंकला, त्या दिवशी मी देवाशी अबोला धरला.

हे म्हणजे माझे पती. कोऱ्हाळ्यात आमचा ऊस आणि दारात दुभती जनावरं. सकाळी धारा काढून झाल्या की ह्यांची आंघोळ, मग देव्हाऱ्यापुढे गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावायचं, आणि गूळ-खोबऱ्याचा प्रसाद तोंडात टाकल्याशिवाय चहाला हात लावायचा नाही. मी थट्टा करायचे, देवालाही तुमचा कंटाळा आला असेल, एखादी सुट्टी द्या त्याला. हे नुसते हसायचे. मग त्यांना विसरण्याचा आजार जडला. आधी जनावरांची नावं गेली, मग शेजाऱ्यांची, मग आमच्या मुलाचं. मी मनाला समजावलं, जाऊ दे सगळं, देव तेवढा ह्यांच्याजवळ राहू दे. माझं एवढंच मागणं होतं.

आणि तेच हातचं गेलं असं वाटायला लागलं. देव्हाऱ्यापुढे नेलं की हे ताठ उभे राहायचे. खांद्याला धरून खाली बसवायला गेलं की ओरडायचे, एकदा तर माझ्या थोबाडीत मारली. ज्या माणसाने जन्मात माझ्यावर हात उचलला नाही, त्याची ही तऱ्हा. संध्याकाळी आरडाओरडा फारच वाढायचा. बारामतीच्या डॉक्टरांनी त्यांना कुठे दुखतंय का म्हणून विचारलं, तर हे "न्हाय" म्हणाले. तेव्हा ते सगळ्यालाच न्हाय म्हणायचे, जेवलात का विचारलं तरी. ते डॉक्टरांना सांगायचं मला सुचलं नाही. त्यांनी शांत राहायची गोळी लिहून दिली.

ती गोळी हे काही घेईनात. ओठ घट्ट मिटून बसायचे. तेव्हा मी, मोठी शहाणी, शक्कल लढवली. गोळी कुटायची, गुळात कालवायची, वर खोबऱ्याचा कीस पसरायचा, आणि देवापुढे ठेवून प्रसाद म्हणून हातावर द्यायची. प्रसादाला हे नाही म्हणणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. काही दिवस ते चाललंही. हे खुर्चीत गुंगीत पडून राहायचे, मान छातीवर, आणि घर शांत झालं म्हणून मी सुस्कारा सोडायचे. आज ते आठवलं की माझीच मला लाज वाटते. मग एका सकाळी त्यांनी प्रसाद थुंकला, आणि पुढे तो हातावर ठेवला की बरेचदा हात झटकायला लागले. मला वाटलं, संपलं, ह्यांच्या मनातून देवही पुसला गेला. दिवा मी लावत होते, तोही फक्त सवयीने.

उन्हाळ्यात माझ्या माहेरून, पळसदेवहून, थोरल्या भावाचा फोन आला. "तायडे, पाणी उतरलंय. जुनं देऊळ उघडं पडलंय. दाजींना घिऊन ये." धरणाच्या पाण्यात गेलेलं ते देऊळ, पाणी आटलं की वर येतं. त्यातला देव मात्र केव्हाच नव्या गावात आणून बसवलेला. मी काही उत्साहाने गेले नाही. ह्यांना जरा हवापालट म्हणून मुलाने गाडी काढली. माझ्या मनात आलं, बरी गाठ पडली, देव नसलेलं देऊळ आणि देव विसरलेला माणूस.

त्या सकाळीही ह्यांनी गोळीचा प्रसाद झटकून टाकलेला, त्यामुळे हे जागे होते. भेगाळलेल्या गाळावरून भाऊ आणि मुलगा त्यांना दोन्ही बाजूंनी धरून सावकाश नेत होते. देवळाच्या उंबऱ्याशी एक अनोळखी बाई कापूर लावून नारळ फोडत होती. मी सवयीने ह्यांचा दंड धरून त्यांना खाली वाकवायला लागले, तसे हे कळवळून ओरडले. मी वैतागून भावाला म्हटलं, चला परत, ह्यांना आता देव काय आणि दगड काय. ते त्या बाईच्या कानावर गेलं असावं.

"ताई, वाकवू नगा त्यांना," ती म्हणाली. "उभ्यानं करू द्या की नमस्कार. देव काय खालीच बसतोय व्हय?"

मी दंड सोडला. हे सावकाश ताठ झाले. मग दाराच्या दगडी चौकटीशी सरकले, दोन्ही हात टेकले आणि कपाळ दगडाला लावलं. ओठ हलत होते. त्या बाईने त्यांच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. ह्यांनी उजव्या हाताखाली डावा धरला, तुकडा कपाळाला लावला, मोडून अर्धा तोंडात टाकला आणि अर्धा माझ्यापुढे धरला.

"घे," म्हणाले.

मला रडू आवरेना. हे देवाला विसरलेच नव्हते. वाकताना त्यांना दुखत होतं, एवढंच होतं ते. आणि प्रसादाचं काय, ते घरी आल्यावर कळलं. मी तीच गोळी कुटून गुळात कालवली आणि जिभेला लावून पाहिली. कडूजहर.

पुन्हा डॉक्टरांकडे गेलो, तेव्हा मी वाकण्याचं, ओरडण्याचं, आणि प्रसादाचंही सगळं सांगितलं. ह्या वेळी त्यांनी ह्यांना काही विचारलं नाही. झोपवून पाय हळूहळू हलवला आणि नुसतं तोंडाकडे पाहत राहिले. ह्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या, दात आवळले गेले. फोटो काढला, तर खुब्याचा सांधा झिजलेला. दुखण्यावर त्यांनी तापावरची साधी गोळी दिली, जी आमच्या डब्यात कायम पडलेली असते. हे मागणार नाहीत, म्हणून ठरलेल्या वेळेला आपणच द्यायची, आणि न विचारता काही कुटून कशात कालवायचं नाही, असं बजावलं. शांत राहायची गोळी त्यांनी हळूहळू कमी करत बंद केली. दुखण्याची गोळी सून पाण्याबरोबर द्यायला लागली, आणि आरडाओरडा ओसरला. पुरता गेला नाही, पण आता हे ओरडले की मी आधी कुठे दुखतंय ते शोधते.

मुलाने देव्हारा छातीच्या उंचीला बसवून दिला. हे उभ्यानेच कपाळ टेकतात. सुनेच्या हातून प्रसाद घेतात, शेजारणीच्या हातूनही घेतात. माझा हात पुढे आला की मात्र त्यांची मूठ मिटते. मी समोर खाऊन दाखवलं, विनवलं, काही उपयोग झाला नाही. मुलाचं नाव गेलं, आता माझंही गेलंय. पण ह्या हातात कडू असतं, तेवढं राहिलं. ह्याचं दुःख मला शेवटपर्यंत पुरणार आहे.

शेवटी मी हात मागे घेतला. खोबऱ्याचा तुकडा देवापुढच्या ताटलीत ठेवते आणि दाराशी जाऊन उभी राहते. हे येतात, कपाळ टेकतात, तुकडा आपल्या हाताने उचलतात. ह्यांच्याजवळ राहा, असं मी देवाला विनवत होते. तो होताच, मधे मीच उभी होते. ती बाई कोण, हे भावालाही सांगता आलं नाही. दिवा लावताना तिची आठवण येते आणि मी हात जोडते. देवाशी बोलणंही पुन्हा सुरू झालंय.

एखाद्या दिवशी हे अर्धाच तुकडा खातात आणि उरलेला ताटलीत ठेवून जातात. तो कुणासाठी, हे मी विचारत नाही. हे बाहेर गेले की तो कपाळाला लावते आणि खाते.