मोजणीच्या फायली आणि माझा आतेभाऊ

स्वतःची वस्तू कुठे आहे हे माझ्या आतेभावाला उभ्या जन्मात सांगता आलेलं नाही, आणि कंपायलरने काय कुठे टाकलं हे सांगताना तो कधी अडखळलेला नाही. पनवेलच्या बाजारात स्कूटर लावून हा गृहस्थ रिक्षाने रोडपालीला घरी येतो आणि वहिनींना विचारतो, "अगं, स्कूटर कुणी नेली का?" पण आपण लिहिलेलं यंत्राला कळेल असं करून देणारा तो कंपायलर, त्याचा विषय निघाला की स्वारी खुलते. कुठली ओळ किती वेळा चालली याची मोजणी ठेवता येते म्हणे, आणि त्या मोजणीच्या फायली प्रोग्राम चालतो तिथे नाही, तर तयार झाला त्या फोल्डरात पडतात. दुसऱ्या मशीनवर नेला तरी तो तोच पत्ता शोधतो, नाही सापडला तर त्या नावाचा फोल्डर स्वतःच करतो. हे त्याने मला साखरपुड्यात, पंगतीत आणि एकदा दाताच्या डॉक्टरकडे माझं तोंड उघडं असताना समजावलं आहे.

गेल्या वर्षी मात्र त्याची पाचावर धारण बसली. सलाइनच्या पंपाचा त्याचा प्रोग्राम, प्रत्येक ओळ तपासल्याचं दाखवल्याशिवाय दवाखान्यात जाणार नव्हता. ऑफिसच्या मशीनवर चाचण्या झाल्या, पण मोजणीच्या फायली कुठेच सापडेनात, म्हणून अहवालात आलं शून्य. साहेब म्हणाले, "तुम्ही तपासलंच नाहीये. संध्याकाळपर्यंत फायली दाखवा, नाहीतर काम दुसऱ्याकडे." दोन वर्षांची मेहनत होती. मी त्या दुपारी त्याच्याकडेच होतो. घरी बसून तो लॅपटॉपवरून ऑफिसच्या मशीनमधले फोल्डर धुंडाळत होता. "दादा, तू तर यातला जाणकार," मी चिडवलं. तो हसलासुद्धा नाही.

वहिनी चहा ठेवत म्हणाल्या, "अहो, तयार झाला तिथे पडतात ना? मग शेवटचा तयार केलात कुठे?"

शेवटचा तयार केला होता गावी नेऱ्याला, याच लॅपटॉपवर, आजारी आत्याच्या उशाशी बसून. ती मधेच जागी होऊन विचारायची, "काय मोजतोस रं सारखा? जेवलास काय नाय?" तेव्हा कामाच्या फोल्डरला त्याने नाव दिलं होतं 'आईजवळ'. पंधरा दिवसांत आत्या गेली, आणि त्या गडबडीत ते नावही मागे पडलं.

त्याने ते नाव टाइप केलं. ऑफिसच्या मशीनवर, जिथे असला फोल्डर कुणीही केला नव्हता, तिथे 'आईजवळ' होता आणि सगळ्या फायली त्यात होत्या. काम त्याच्याकडेच राहिलं. साहेबांनी फक्त तो फोल्डर काढून टाकायला सांगितलं.

काढतो म्हणाला खरा. परवा मी विचारलं, तर मान खाली घालून म्हणाला, "असू दे रे थोडे दिवस." आत्या माझीही होती. खरं सांगायचं तर मलाही तो फोल्डर जायला नको होता.