बिछान्यात गेलेला पायलट

सकाळी सातच्या सुमाराला सरांच्या घरून काकूंचा, त्यांच्या पत्नीचा, फोन आला. "वैशाली, सर गेले गं... झोपेतच." कॅप्टन सामंत, मला विमान चालवायला शिकवणारे माझे सर, भाईंदर पश्चिमेच्या आपल्या घरात, आपल्या पलंगावर गेले. हृदय थांबलं, एवढंच. स्मशानात त्यांच्याबरोबर पूर्वी काम केलेले एक गृहस्थ माझ्या मागेच उभे होते. शेजारच्याला हळूच म्हणाले, "पायलट असून बिछान्यात गेला. जन्मभर घाबरतच उडाला ना!" मी तेव्हा गप्प बसले, कारण अग्नी द्यायचा होता. आता दीड महिना झालाय. आता बोलते. हो, सर बिछान्यात गेले. आणि त्यांच्या विमानात बसलेलं एकही माणूस त्यांच्यामुळे गेलं नाही.

मी भाईंदरच्याच खारी गावची. आमची मिठागरं होती, ती गेली आणि तिथे इमारती आल्या. त्या वर्षांत नव्या नव्या विमान कंपन्या निघत होत्या आणि कुणाकुणाच्या मुलांना पायलट व्हायचं होतं. सर आठवडाभर घाटापलीकडच्या एका फ्लाइंग क्लबमध्ये शिकवायचे, मधूनमधून भाड्याने विमान देणाऱ्या एका चार्टर कंपनीसाठी उडायचे आणि रविवारी घरच्या हॉलमध्ये आमचे वर्ग घ्यायचे. बाबा मला घेऊन गेले तेव्हा चप्पल काढता काढताच म्हणाले, "मास्तर, पोरीला इमान चालवाला येल का न्हाय, तेवरा सांगा." सरांनी माझ्याकडे बघितलं. "चालवायला सहा महिन्यांत येईल. न चालवायला यायला वेळ लागेल." बाबांना काही कळलं नाही. मलाही नाही.

कळलं ते वर्षभराने. चुलत भावाची हळद होती आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मला एकटीने विमान घेऊन दुसऱ्या गावच्या धावपट्टीवर जाऊन परत यायचं होतं. पहाटेची गाडी पकडून मी क्लबवर पोचले. सरांनी विचारलं, "किती वाजता झोपलीस?" "दहाला," मी बिनदिक्कत ठोकून दिलं. त्यांनी माझ्या पिवळ्या नखांकडे पाहिलं. "खारीत हळद दहाला संपली? मी भाईंदरलाच राहतो, वैशाली." मग विमानाची किल्ली खिशात टाकून म्हणाले, "घरी जा. झोप." मी रडले, भांडले, मला येतं म्हणाले. "येतं म्हणूनच भीती आहे," ते म्हणाले. "ज्याला येत नाही तो जपून असतो." दोन रविवार मी वर्गाला गेले नाही.

त्यांना भित्रा ठरवणारा प्रसंगही मी डोळ्यांनी पाहिलाय. काशीमीऱ्याच्या एका हॉटेलवाल्याला कुटुंबासह पुतणीच्या लग्नाला जायचं होतं. पोचायला संध्याकाळ होणार, तिथल्या धावपट्टीला दिवे नाहीत आणि घाटावर ढग उतरलेले. सर नाही म्हणाले. कंपनीचा मालक म्हणाला, "कॅप्टन, आप से तो नए लड़के अच्छे हैं." दुसरा पायलट तयार झाला, गेला आणि सुखरूप पोचलासुद्धा! पुढच्या रविवारी आमचा वर्ग चालू असताना त्या हॉटेलवाल्याचा ड्रायव्हर पेढ्यांचा पुडा घेऊन दारात उभा. "साहेबांनी सांगितलंय, आम्ही पोचलो." आम्ही सगळे खाली मान घालून बसलो. सरांनी पुडा उघडला, एक पेढा खाल्ला, बाकीचे आम्हाला वाटले. "ते पोचले याचा मला खरंच आनंद आहे," ते म्हणाले. "पण ते पोचले म्हणून माझा निर्णय चुकीचा ठरत नाही. ढगातून माणूस बाहेर आला की त्याला वाटतं, आपण हुशार होतो. पुष्कळदा तो नुसता बाहेर आलेला असतो. पुढच्या वेळी तो आणखी उशिरा निघतो." महिन्याभरात त्या कंपनीने त्यांना बोलावणं बंद केलं.

पेढे आले त्याच रविवारी, कुणी विचारलं नसताना, त्यांनी स्वतःची चूक सांगितली. वेग मोजणाऱ्या नळीवर विमान उभं असताना एक लाल कव्हर घालतात. मेकॅनिकशी क्रिकेटच्या गप्पा मारता मारता सरांनी तपासणी उरकली आणि ते कव्हर तसंच राहिलं. विमान वर, आणि वेगाचा काटा शून्यावर! इंजिनाच्या आवाजावर आणि हाताच्या अंदाजावर त्यांनी विमान उतरवलं. "पहिल्या वर्षी हे झालं नसतं," ते म्हणाले, "अकराव्या वर्षी झालं." आणि पुढे, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, डॉक्टरांनी तंदुरुस्त ठरवलेलं असताना, एकाच सकाळी दोनदा रेडिओवरचा आकडा चुकीचा ऐकला म्हणून त्यांनी आपणहून उडणं सोडलं. काकू म्हणाल्या होत्या, "अहो, डॉक्टरांनी पास केलंय ना?" "त्यांनी केलं. मी नाही केलं." ...हा घाबरलेला माणूस? स्वतःला नापास करायला लागते तेवढी छाती त्या स्मशानातल्या गृहस्थांनी मला एकदा दाखवावी.

आता मी त्याच क्लबवर शिकवते. गेल्या आठवड्यात एका मुलीला घेऊन उडायचं होतं. वारा ठीक, विमान ठीक, आभाळ निळंशार. मी ठीक नव्हते. सर गेल्यापासून मला सलग झोप नाही, आणि त्या सकाळी तपासणीच्या यादीतली एकच ओळ मी तीनदा वाचली. मी मॅनेजरला म्हटलं, "आज मी उडणार नाही." "मॅडम, दोन चकरा तर मारायच्यात! सगळे उडतायत." "उडू देत. माझं डोकं इथे नाही." तो हसला. हसू दे.

उड्डाण रद्द केलं की सर कुणाला हाक न मारता, वाऱ्याने हलू नये म्हणून, स्वतः विमान जमिनीला बांधायचे. पंखांखाली दोन दोर, शेपटीला एक. मीही बांधलं. वारं पडलेलं होतं, डोक्यावरून इतरांची विमानं जात-येत होती. मी तिन्ही गाठी ओढून पाहिल्या आणि सगळ्यांच्या देखत, मान ताठ ठेवून, मैदान ओलांडून कँटीनकडे चालत गेले.