त्या सुईतच येतं सगळं

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. माझ्या पोटात काही राहत नाही, हे अख्खं घर जाणतं — पण हे राहिलं. सहा वर्षं.

सिल्वासाजवळ सामरवरणीला आमच्या चाळीत जळगावकडच्या यशोदाताई राहतात. मसाटच्या कारखान्यात कामाला. तेव्हा त्यांच्या दारात एक बकरी होती, काळी. घरातलं दूध तिचंच. जनावरांचे डॉक्टर लस टोचायला आले तेव्हा ताई ड्यूटीवर, म्हणून बकरी धरायला मी. डॉक्टरांनी सुई टोचली, जंताच्या औषधाची बाटली माझ्या हातात दिली आणि आजच पाजा म्हणाले.

पहिलाच घोट काळीने माझ्या इस्त्रीच्या शर्टावर उडवला. बायका हसल्या. मी — कंपनीतला सुपरवायझर! — उरलेलं मोरीत ओतलं.

संध्याकाळी ताईंनी विचारलं, "भाऊ, बकरीले डोस दिला ना?"

आपल्याकडे सुईही डोस, पाजायचं औषधही डोस. किती सोयीचा शब्द! दिला म्हणालो. आणि जंताचं? "त्या सुईतच येतं सगळं."

परवा पशुवैद्यकीय शिकणारी भाची जेवताना सांगत होती — परदेशात मेंढ्यांसाठी जंतांची लस खरंच आहे. रक्त पिणाऱ्या जंताच्या आतड्यातलंच प्रथिन काढून मेंढीला पुन्हापुन्हा टोचतात. तिचं रक्त ते ओळखायला शिकतं. मग पोटातला जंत रक्त प्यायला, की त्याच घोटातून तिची प्रतिद्रव्यं त्याच्या आतड्याला जाऊन चिकटतात. त्याला पचेनासं होतं. भरल्या ताटावर तो उपाशी मरतो. लेंड्यांतून जंतांची अंडी कमी पडतात, म्हणून कुरणही निवळतं. माझा घास हातातच राहिला. बोटाच्या पेराएवढा किडा, दोऱ्यासारखा — आणि त्याच्या आत शिरून लढणारं मेंढीचं रक्त! असं काही असू शकतं?

म्हणजे माझी थाप जगात कुठेतरी खरी होती. काळीची सुई मात्र वेगळ्याच रोगाची होती.

त्याच वर्षी पावसाळ्यात काळीच्या पापण्या आतून पांढऱ्या पडल्या, जबड्याखाली पाणी उतरलं. तेव्हा तरी बोलायचं होतं ना? औषध तेव्हाही मिळत होतं. मी रोज तिच्यासमोरून कामावर जात होतो — मान वळवून.

ती गेली त्या दिवशी ताई ओट्यावर बसून होत्या. "माझंच चुकलं, भाऊ. मीच तिले नदीकाठच्या ओल्या गवतात चारलं."

मी त्यांच्याजवळ बसलो आणि म्हणालो — हो ताई, त्यानंच झालं असेल.