सोळावं रीळ

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टींवर हसणारा माणूस. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात वाढलो. अंगारे-धुपारे, भूतबाधा असलं काही आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आलंच नाही. वाळूजला एका कंपनीत क्वालिटीला आहे, म्हणजे दिवसभर दुसऱ्याच्या चुका काढायच्या. तरी मागच्या उन्हाळ्यात एका रविवारी भरदुपारी जे झालं, त्यातली चूक मला अजून सापडलेली नाही...

माझे बाबा औरंगाबादच्या (आता संभाजीनगर म्हणा) एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होते, पिक्चरचं मशीन चालवायचे. आई लग्न होऊन पिशोरहून आली, त्याच वर्षी एक रडका हिंदी पिक्चर लागला होता. सोळा रिळांचा. पंधराव्याच्या शेवटी हिरो परत येतो, हिरॉईन स्टेशनवर पळत जाऊन त्याला बिलगते. सोळाव्यात ती त्याच्याच मांडीवर जीव सोडते. आईला तेव्हा माझे दिवस गेलेले, आणि ती तर मांजराचं पिल्लू मेलं तरी दोन दिवस जेवायची नाही. म्हणून ती ज्या शोला आली, त्या शोला बाबांनी सोळावं रीळ लावलंच नाही! पब्लिकनं खुर्च्या आपटल्या. बाबा धावत खाली आले नि आईला म्हणाले, "चल, संपला. लोकांना अजून बघायचाय म्हणून ओरडायलेत." मालकानं त्यांना आठ दिवस घरी बसवलं.

तेव्हापासून चाळीस वर्षं आई कॉलनीत छातीठोकपणे सांगायची, "त्यांचं लगीन झालं." कोणी म्हणायचं, "अहो काकू, मरते ती!" तर म्हणायची, "तुमच्या टॉकीजमधी मरत असंल. आमच्या ह्यांच्या टॉकीजमधी नाय मेली." बाबा मान खाली घालून चहा प्यायचे.

दिवाळीनंतर बाबा गेले. जाण्याआधी मला म्हणाले, "ते शेवटचं रीळ तेवढं आईला दाखवू नको." आई रडली नाही. बोलणंच कमी झालं तिचं. आणि त्या रविवारी जेवणं झाल्यावर एकदम म्हणाली, "राजा, तो पिक्चर लाव. पूर्ण बघायचाय."

माझं धाबं दणाणलं. बाबांचं एवढं एक प्रेमाचं खोटं, ते माझ्या हातनं उघडं पडणार! "नेट स्लो आहे गं," म्हणालो. तर आतून आमची सुनीता ओरडली, "चांगलं चालू आहे की!" घ्या... बायको असावी तर अशी. लावला मग टीव्हीवर.

स्टेशन आलं. मिठी झाली. पडद्याच्या कोपऱ्यात काळा ठिपका दिसला, म्हणजे रीळ संपत आल्याची ऑपरेटरसाठीची खूण. जुन्या प्रिंटवर ती असतेच, त्यात नवल नाही. मी रिमोट चाचपायला लागलो. दुसरा ठिपका आला... आणि पडदा पांढरा! कोरा पांढरा. संपलेल्या रिळाचं टोक फिरताना होते तशी फटफट फटफट ऐकू आली. खोलीभर जुन्या मशीनच्या दिव्यातल्या कार्बनच्या कांड्या जळल्याचा वास सुटला — बाबांच्या शर्टाला यायचा तोच. लाईट होती, पंखा फिरत होता, रिमोट टीपॉयवर पडलेला. मिनिटभर हे चाललं, मग टीव्ही आपोआप बंद झाला.

आई हसायला लागली. डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि हसायलीय!

"आई, काय झालं गं?"

"अरे, ती मरते ते मला पहिल्यापासून म्हाईत हाय. त्याच आठवड्यात शेजारणीनं सांगितलं व्हतं. पण माणसानं माझ्यासाठी नोकरी पणाला लावली, त्यांना कसं कळू देऊ? आज म्हणलं, आता ते नाहीत, बघून घ्यावं... म्हंजी मोकळं रडता तरी येईल." तिनं पदरानं डोळे पुसले. "नाय दाखवलं बघ. लई हट्टी माणूस."

संध्याकाळी मी तोच पिक्चर त्याच टीव्हीवर पुन्हा लावला. ठिपके आले, गेले, सोळावं रीळ सरळ सुरू झालं. ती मेली. तीनदा लावला, तीनदा मेली. टीव्ही दुरुस्तीवाला म्हणतो, सेट ठणठणीत आहे. आणि सुनीता त्या वासानं दुपारी गॅस बघायला उठली होती, म्हणजे मला एकट्यालाच आला असंही नाही. तुम्हाला कारण सापडलं तर कळवा, मी हात टेकले.

आई कॉलनीत अजून तेच सांगते, "लगीन झालं त्यांचं." बायका हसून माझ्याकडे बघतात. मीही आता मान डोलावतो, "हो, आमच्या टॉकीजमध्ये झालं."