शाळेच्या भिंतीवरची वाकळ

शिवणकामाला बसलं की पायाशी कातरण साचतं, तसे किस्से साचतात. मुद्दाम कुणी गोळा करत नाही. उठताना बघावं तर ढीग! आमच्या शाळेच्या व्हरांड्यात बसून बसून माझ्याकडे असा ढीग झालाय. सांगताना मी थोडं वाढवतो की काय, अशी शंका येते. पण शंका मला सगळ्याचीच येते.

आमचं गाव जळकोटजवळ. वरची आळी शेतकऱ्यांची, खालची बौद्धांची. एका मिरवणुकीत डीजेवरून पोरांची मारामारी झाली, दगड फिरले आणि दोन्ही आळ्यांचं बोलणं बंद झालं. तेव्हा वरच्या आळीतल्या आरतीनं आणि खालच्या आळीतल्या करुणानं ठरवलं, की प्रत्येक घरातून एक जुनं कापड मागायचं आणि शाळेच्या भिंतीएवढं, वाकळीसारखं जोडाजोडीचं चित्र शिवायचं. दोघी कॉलेजात एका बाकावरच्या. मी समाजशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक, वर पीएच.डी., म्हणून मला मार्गदर्शक केलं. सुईत दोरा ओवता येतो का, हे कुणी विचारलंच नाही!

*

पहिल्या मिटिंगला मी टेन्शन घेऊनच गेलो. म्हटलं, "निळा नको, भगवा नको, हिरवा नको. उगाच कुणाला काही वाटायला नको."

"मग सर, पांढराच घ्यावा का?" करुणानं विचारलं.

मी खूश! पांढऱ्याला कोण काय म्हणणार?

आरती म्हणाली, "भिंतीएवढं पांढरं टांगलं तर लोक मयतीला आल्यासारखे जमतेल, सर!"

"आमच्याकडचे लग्नाला जमतेल!" करुणा हसली. "आमच्या नवऱ्या पांढरंच नेसतेत की."

शेवटी सगळे रंग घेतले.

*

मधोमध कबुतर असावं, ही सूचना माझी. चित्रही मीच काढून दिलं. ते शिवलं खालच्या आळीतल्या वैभवनं. हा एरवी ढोकीच्या कारखान्यावर उसाचा ट्रॅक्टर नेतो. सुई त्याच्या बोटात सापडायची नाही, पण गड्यानं मन लावून शिवलं.

त्याची आजी बघायला आली. "कोंबडी लई झ्याक झालीया!"

"काकू, कबुतर आहे ते. शांततेचं."

"कबुतर काय कामाचं, सर? नुसतं घाण करतंय. कोंबडी अंडं तरी देती!"

दुसऱ्या दिवशी बघतो तर वैभवनं खाली अंडी शिवलेली! शांततेसाठी कोंबडी कमी पडते ती नेमकी कशात, याचा मी अजून विचार करतोय.

*

कापडं मागायला सुरुवात झाली तेव्हा लोकांनी काय द्यावं? फाटक्या बनियनी आणि पायपुसणी! मला वाटलं, संपलं. माझंच मार्गदर्शन चुकलं असणार.

मग खालच्या आळीतल्या एका बाईनं लग्नातल्या शालूचा काठ कापून दिला. ही बातमी वरच्या आळीत कशी पोचली कोण जाणे. बोलणं तर बंद होतं! संध्याकाळी आरतीच्या चुलतीनं तिला अडवलं. "ती बनियन आण माघारी. आमचं बी लगीन शालूतच झालंय म्हणावं!"

आठवडाभर दोन्ही आळ्यांत कपाटं उघडत होती. भांडण मिटलं नव्हतं. ते काठापदरावर आलं होतं.

*

एकच घर अडलं, खालच्या आळीतल्या किसनबाबांचं. मारामारीत त्यांच्या नातवाचं डोकं फुटलं होतं, आणि तो दगड मारला होता आरतीच्या भावानं, सचिननं. तो माफी मागायला गेला, तर बाबांनी दार लावून घेतलं. कापडाचं विचारल्यावर म्हणाले, "माझ्या घरातली चिंधी बी मिळणार न्हाय."

आरतीनं चित्रात तेवढा चौकोन मोकळा ठेवला.

मी सुचवलं, "दुसरं एखादं कापड लावू. कुणाला कळणार आहे?"

"मला कळंल की, सर. त्यांचं कापड येईस्तोवर चित्र भिंतीवर चढणार न्हाय."

चित्र गुंडाळून कोपऱ्यात पडलं.

*

आमच्याकडं वाकळ शिवून होत आली, की शेवटचा टाका घालण्याआधी आत भाकरीचा तुकडा ठेवतात. वाकळ उपाशी राहू नये म्हणून. वैभवच्या आजीनं याची आठवण करून दिली आणि आरती तडक किसनबाबांच्या दारात गेली. मी मागोमाग.

"बाबा, कापड मागाय न्हाय आले. वाकळंच्या पोटात ठेवाय भाकर पायजे."

बाबा तिच्याकडं बघतच राहिले. "वरच्या आळीतनं आमच्या दारात भाकर मागाय आलीस?"

"व्हय, बाबा."

मग बाबांनी वळून आत हाक मारली. "आगं, भाकर दे हिला. सकाळची नको. ताजी कर."

भाकर फडक्यात बांधून आली.

"फडकं माघारी आणून दे," बाबांनी बजावलं.

चित्र चढवायच्या दिवशी बाबा शाळेत आले. सचिन शिडीवर दोरी बांधत होता; त्याचा हात तिथंच थांबला. मोकळा चौकोन आता भरला होता. लाल चौकड्यांचं फडकं, आत भाकरीचा तुकडा.

"माझं फडकं?" बाबांनी विचारलं.

मी दोन पावलं मागं सरकलो.

"भाकर संपली की देते, बाबा," आरती म्हणाली.

बाबांनी चौकोनावर अंगठा फिरवला, आतला तुकडा चाचपला. मग शिडीकडं बघितलं.

"सचिन्या, जरा खाली बांध की रं! संपली का न्हाय, मला रोज येऊन बघायचंय."